अपूर्णांक येतात, पण ‘कोणती दोरी कितीने लांब?’ विचारलं की अडतं

पाचवी-सहावीतल्या मुलांच्या पालकांची एक तक्रार दर वर्षी ऐकू येते आणि तिचे शब्दही जवळपास ठरलेले असतात. “बेरीज-वजाबाकी येते हो तिला अपूर्णांकांची. लसावि काढते, समच्छेद करते. पण शाब्दिक उदाहरण आलं की सगळं विसरते.” मग उपाय म्हणून घरी आणखी वीस वजाबाक्या घातल्या जातात. त्या वीसही बरोबर येतात. आणि पुढच्या चाचणीत फितीचं नाहीतर दोरीचं उदाहरण पुन्हा चुकतं.

वजाबाक्या वाढवून हे सुटत नाही, कारण चूक वजाबाकीत नाहीच. लांबीची तुलना करताना अपूर्णांक दोन अगदी निराळी कामं करतो. ‘३/४ मीटर’ ही स्वतःच एक लांबी आहे, टेपवर बोट ठेवून दाखवता येते. ‘मीनाच्या दोरीच्या ३/४’ असं म्हटलं तर मीनाची दोरी केवढी हे कळेपर्यंत काहीच दाखवता येत नाही. मुलांना मात्र दोन्हीकडे फक्त तीन, आडवी रेघ आणि चार दिसतात. म्हणून उदाहरणातल्या प्रत्येक अपूर्णांकापाशी थांबून मुलाने एकच प्रश्न विचारायला हवा: हा अपूर्णांक कशाचा? मीटरचा, फुटाचा, की दुसऱ्या एखाद्या लांबीचा?

आधी वही बघा

चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी ते कसं चुकलं ते बघा. चुका मोजक्याच प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे.

उदाहरण घेऊ. लाल फीत ५/६ मीटर, निळी फीत ३/४ मीटर. कोणती लांब आणि कितीने? वहीत पुष्कळदा हे सापडतं:

५/६ − ३/४ = २/२ = १ मीटर

वर पाचातून तीन गेले, खाली सहातून चार गेले. दोन्ही फिती एक मीटरहून आखूड, आणि त्यांच्यातला फरक म्हणे एक मीटर! मुलाला यात खटकत काहीच नाही, कारण त्याच्यासमोर फिती नाहीत, चार सुटे आकडे आहेत. त्याच मुलाला नुसतं ‘५/६ − ३/४ किती?’ विचारा, ते १२ लसावि घेऊन १/१२ लिहून देईल. रीत त्याला येते. गोष्टीच्या गर्दीत ती वापरायचं राहून जातं.

इथे उपाय अंदाजाचा. पेन्सिल उचलण्याआधी दोन्ही फिती एक मीटरशी ताडून बघायला सांगा. लाल फितीला मीटर पुरा व्हायला १/६ कमी पडतो, निळीला १/४. सहावा भाग चौथ्या भागापेक्षा लहान, म्हणजे लाल फितीची उणीव कमी, म्हणून लाल लांब. आणि दोघीही मीटरच्या जवळपास असल्याने फरक छोटासाच असणार. एवढं तोंडाने बोलून झालं की १०/१२ − ९/१२ = १/१२ मीटर हे उत्तर पटतं आणि ‘१ मीटर’ आपोआप खोडलं जातं. ताळा सेंटीमीटरमध्ये करता येतो. पाऊण मीटर म्हणजे ७५ सेंमी, ५/६ मीटर म्हणजे ८३ सेंमी आणि वर थोडं. फरक आठ सेंमीहून जरासा जास्त. १०० ला १२ ने भागा, तेवढंच येतं.

दुसरी चूक पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत होते आणि ती फार लपून बसते. एका कापडाची लांबी ३ पूर्णांक १/४ मीटर, दुसऱ्याची १ पूर्णांक २/३ मीटर. फरक काढायचा आहे. समच्छेद केल्यावर ३ पूर्णांक ३/१२ वजा १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत. काही मुलं गुपचूप आठातून तीन वजा करतात आणि २ पूर्णांक ५/१२ लिहितात. काही मुलं हातचा घेतात, पण सवयीने दहाचा! तीनाचे तेरा होतात, तेरातून आठ गेले पाच, उत्तर १ पूर्णांक ५/१२. मांडणी इतकी नीटनेटकी दिसते की तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. इथे फोडलेला एक म्हणजे १२/१२, म्हणून तीनाचे पंधरा व्हायला हवेत. पंधरातून आठ गेले सात. बरोबर उत्तर १ पूर्णांक ७/१२ मीटर. ‘एक पूर्ण फोडला, त्याचे किती तुकडे झाले?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला की बाराचा हातचा समजतो. संख्यांच्या वजाबाकीत नेहमी दहाच असतात, म्हणून तिथे हा प्रश्न कधी पडलेला नसतो.

एककांची सरमिसळ ही तिसरी चूक. ३/४ मीटर आणि ८० सेंमी समोर आले की आधी दोन्ही सेंमीत आणा, बाकी काही करायचं नाही.

‘लांब’ दिसलं की अधिक

वरच्या चुका आकडेमोडीच्या. पण सर्वांत जास्त गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. उदाहरण वाचा:

एक पट्टी २ पूर्णांक १/२ फूट लांब आहे. ती दुसऱ्या पट्टीपेक्षा ३/४ फुटाने लांब आहे. दुसऱ्या पट्टीची लांबी किती?

शंभर ठिकाणी ‘जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी’ अशी सोपी युक्ती मुलांना दिली जाते. ती युक्ती इथे थेट खड्ड्यात नेते. ‘लांब’ शब्द दिसला, बेरीज केली, सव्वातीन फूट. खरं उत्तर पावणेदोन. उदाहरणात ‘लांब’ म्हटलं आहे पहिल्या पट्टीला, आणि विचारली आहे दुसरी.

ही चूक लहान मुलांपुरती नाही. १९८७ साली ॲन लुईस आणि रिचर्ड मेयर या अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशी उदाहरणं दिली होती. शब्द एक सुचवतो आणि क्रिया उलटी करावी लागते अशा उदाहरणांत त्यांच्याही चुका वाढल्या, आणि चुकाही याच जातीच्या, म्हणजे बेरजेच्या जागी वजाबाकी किंवा वजाबाकीच्या जागी बेरीज. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला ‘लक्ष देऊन वाच’ एवढंच सांगणं पुरेसं नाही. त्याला वाक्य उलटं करून म्हणायला लावा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याच्याइतका उपयोगी सराव दुसरा नाही.

“पहिली पट्टी दुसरीपेक्षा लांब. मग दुसरी पहिलीपेक्षा कशी?”
“आखूड.”
“कितीने आखूड?”
“तेवढ्यानेच. पाऊण फुटाने.”
“पहिली केवढी?”
“अडीच.”
“आणि तुझी दुसरी केवढी आलीय?”
“सव्वातीन... अगं आई, ही तर मोठी झाली.”

चूक तिची तिलाच दिसली. पट्ट्यांमध्ये कोण मोठं, कोण लहान, एवढं आकड्यांविना ठरवून वहीच्या समासात लिहून ठेवायचं. ‘दुसरी < पहिली’ असं चिन्ह टाकलं तरी चालेल. उत्तर आलं की त्या चिन्हाशी ताडायचं.

आणि ‘जास्त म्हणजे बेरीज’ ही युक्ती शिकवणं कृपा करून थांबवा. दुसरीच्या वर्गात ती काम करते असं वाटतं, कारण तिथली उदाहरणं सरळ असतात. तीच सवय पाचवीत मोडताना मुलाला नाहक त्रास होतो.

मीटरचा की दोरीचा?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मीनाची दोरी ४ मीटर आहे.

सलमाची दोरी मीनाच्या दोरीपेक्षा ३/४ मीटरने आखूड आहे. उत्तर ३ पूर्णांक १/४ मीटर.

सलमाची दोरी मीनाच्या दोरीच्या ३/४ आहे. उत्तर ३ मीटर.

वाक्यं जवळजवळ जुळी आहेत. पहिल्यात अपूर्णांकाच्या मागे ‘मीटर’ आहे, म्हणून ती लांबी आहे, ती वजा होते. दुसऱ्यात मीटर नाही, ‘दोरीच्या’ आहे, म्हणून गुणाकार. मुलाने अपूर्णांकाभोवती गोल करायचा आणि तो कशाचा आहे त्या शब्दाकडे बाण काढायचा. बाण ‘मीटर’कडे गेला तर बेरीज-वजाबाकी, दोरीकडे गेला तर गुणाकार किंवा भागाकार. सेमी इंग्रजीच्या मुलांनाही हेच लागू पडतं. ‘लाँगर दॅन’ आणि ‘ॲज लाँग ॲज’ यांतला फरक त्यांनाही असाच बाण काढून दाखवावा लागतो.

बाण काढून बघितला की लक्षात येतं, काही प्रश्नच सदोष असतात. ‘दोरी १/४ ने कमी आहे’ असं नुसतं छापलेलं असतं. चार मीटरच्या दोरीचा चौथा भाग कमी केला तर ३ मीटर उरते, पाव मीटर कमी केला तर पावणेचार. दोन्ही अर्थ निघतात. सरावासाठी प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाने एकक लिहायलाच हवं, आणि असा प्रश्न वहीत आला तर मुलाला दोष देऊ नका.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच उदाहरणांत दोरी नेमकी १ मीटरची असते. एक मीटरचा पाव भाग आणि पाव मीटर एकच! त्यामुळे मुलाने अर्थ चुकीचा घेतला तरी उत्तर बरोबर येतं, शाबासकी मिळते आणि चूक पक्की होते. शंका आली की तेच उदाहरण ४ मीटरच्या किंवा अडीच मीटरच्या दोरीवर करून घ्या. आतली चूक लगेच वर येते.

‘उरलेल्या’ हा शब्दही याच कुळातला. १२ मीटर दोरीचा १/३ भाग कापला, नंतर उरलेल्या दोरीचा १/४ कापला. पहिल्यांदा ४ मीटर गेली, राहिली ८. तिचा चौथा भाग २, म्हणून शेवटी ६ मीटर. मूल दुसरा अपूर्णांकही बारा मीटरचाच धरतं आणि ५ लिहितं. बाण कुठे जातो ते बघायचं, बस्स.

सहावारी आणि नऊवारी

पालक स्वतःही जिथे अडखळतात ती जागा ही. ‘अ ही ब च्या २/३ आहे, तर ब ही अ च्या किती पट?’ मुलं बेधडक सांगतात, १ पूर्णांक १/३ पट. एक तृतीयांश कमी होती ना, मग उलट बघितलं की एक तृतीयांश जास्त. ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं, आणि चूक आहे.

घरात नऊवारी आणि सहावारी अशा दोन्ही साड्या असतील तर जमिनीवर पसरा. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर, तेव्हा सहावारी जवळपास साडेपाच मीटर भरते आणि नऊवारी सव्वाआठच्या आसपास. प्रत्यक्ष साडी थोडी कमीजास्त निघते, म्हणून हिशेब सहा आणि नऊ वारांचाच धरू. दोघींचे पदर एका रेषेत लावा. नऊवारी तीन वारांनी पुढे जाईल. ते तीन वार तसेच आहेत, त्यांच्यात काही बदल होत नाही. पण नऊवारीच्या बाजूने बघितलं तर ते नवातले तीन, म्हणजे एक तृतीयांश. सहावारीच्या बाजूने बघितलं तर सहाच्या मानाने तीन, म्हणजे निम्मे. म्हणून सहावारी नऊवारीपेक्षा एक तृतीयांशाने आखूड, आणि नऊवारी सहावारीपेक्षा निम्म्याने लांब, म्हणजेच दीडपट. फरक एकच, तो कशाच्या मानाने मोजला ते बदललं, म्हणून अपूर्णांक बदलला.

साड्या गुंडाळून ठेवल्यावर हेच वहीत दोन पट्ट्या काढून करायचं. सहावारीसाठी दोन सारखे चौकोन, नऊवारीसाठी तसेच तीन. डावीकडची टोकं एका रेषेत हवीत आणि चौकोन सारख्या मापाचे हवेत, हे दोन नियम सोडू नका. हाताने काढताना मुलं खालची पट्टी ताणून वरच्याएवढी करतात आणि मग चित्रच खोटं बोलू लागतं. चौकटीची वही घ्या, प्रश्न मिटतो. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून शाब्दिक उदाहरणं अशाच पट्ट्या काढून शिकवतात.

आपल्याकडे अपूर्णांकांची ओळख पोळीच्या, भाकरीच्या गोल तुकड्यांवर होते. वाटणी समजायला ते चांगलं आहे. पण लांबीची तुलना शिकवताना गोल बाजूला ठेवावा असं मला ठामपणे वाटतं. दोन पोळ्यांचे तुकडे शेजारी ठेवून कोणता कितीने लांब हे दिसत नाही. पट्टीवर दिसतं.

बाहेर पडल्यावरही सराव होतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किमी, अटल सेतू २१.८ किमी. पहिला दुसऱ्याचा साधारण कितवा भाग? साडेपाचाला चाराने गुणलं की बावीस, म्हणजे जवळपास पाव. मग अटल सेतू जवळपास चौपट. अटल सेतूचा सुमारे १६.५ किमी भाग समुद्रावरून जातो, तो एकूण लांबीचा साधारण पाऊण. नेमकं उत्तर काढायची गरज नाही. पाव, अर्धा, पाऊण यांपैकी कशाजवळ, एवढं चटकन सांगता आलं की पुरे. पण ‘सव्वादोन’, ‘पावणेतीन’ हे शब्द मुलाच्या कानावर नसतील तर हा अंदाज जमत नाही. पावणेतीन म्हणजे तीनाच्या अलीकडे पाव, २ पूर्णांक ३/४. तीन ऐकून मुलं ३ पूर्णांक ३/४ लिहितात. बाजारात, स्वयंपाकघरात हे शब्द मुद्दाम वापरा.

सुताराचा समच्छेद

३/८ इंच मोठं की १/२ इंच? आकडे मोठे म्हणून ३/८ असं उत्तर देणारं मूल असेल तर त्याला सुताराच्या हाताखाली दहा मिनिटं बसवावं. सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला सूत म्हणतो. त्याच्या तोंडी ३/८ नसतं, ‘तीन सूत’ असतं. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा. बांधकामावर १० मिमीच्या सळईला अजूनही तीन सुती आणि १२ मिमीच्या सळईला चार सुती म्हणतात. तीन आणि चारांत मोठं कोण, हे पहिलीतलं मूलही सांगेल.

समच्छेद म्हणजे एवढंच: दोन्ही लांब्या एकाच लहान मापाने मोजणं. शिंप्याची टेप घ्या, इंचाच्या बाजूने. दोन इंचांच्या मधल्या रेघा सारख्या उंचीच्या नसतात. अर्ध्याची सर्वांत उंच, पावाच्या तिच्याहून बुटक्या, सुताच्या आणखी बुटक्या. मुलाला ५/८ वर नख ठेवायला सांगा, मग ३/४ वर. नख एकाच सुताने पुढे सरकतं. आता वहीत ३/४ − ५/८ = ६/८ − ५/८ = १/८ लिहिलं की त्यातला सहा कुठून आला हे सांगावं लागत नाही.

काही टेपवर एका इंचाचे सोळा भाग केलेले असतात. त्या टेपवर एक सूत म्हणजे दोन घरं. सुरुवातीला गोंधळ नको म्हणून आठ भागांचीच घ्या.

खांब

हे सगळं जमू लागलं की एक जुनं उदाहरण घाला. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या गणितज्ञांनी ते दिलं होतं. एका खांबाचा १/८ भाग जमिनीत आहे, १/३ पाण्यात, १/४ शेवाळात, आणि ७ हात हवेत दिसतो. खांब किती हातांचा?

इथे तीन अपूर्णांक आहेत आणि सात हात ही एक लांबी आहे. मुलाला आधी बाण काढू द्या. तिन्ही बाण खांबाकडेच जातात, ‘उरलेल्या’ असं कुठेही नाही. म्हणून तिन्हींची बेरीज करता येते. छेद ८, ३ आणि ४, लसावि २४. चौकटीच्या वहीत चोवीस घरांची उभी पट्टी काढा. तीन घरं जमिनीत, आठ पाण्यात, सहा शेवाळात रंगवा. सतरा घरं भरली, सात उरली. त्या सात घरांत सात हात बसतात, म्हणून एक घर एक हाताचं.

काही मुलं ७ ला १७/२४ ने गुणायला धावतील. त्यांना थांबवून पट्टीवर बोट ठेवायला सांगा: हे सात हात रंगवलेल्या भागात आहेत की कोऱ्या? कोऱ्या भागात, म्हणजे खांबाच्या ७/२४ भागात. खांब २४ हात. ताळा करून घ्या: ३ + ८ + ६ + ७ = २४. मग सात हातांच्या जागी १४ हात दिसतात असं सांगून तेच पुन्हा विचारा, आणि त्यानंतर साडेतीन.